एकेचाळीस जणांची बोहनी

आमच्या दांडी गावातली एकेचाळीस माणसं एका दुपारी एक्सेल शिकली. त्यातल्या चाळीस जणांना आपण काय शिकलो ते त्या दुपारी माहीत नव्हतं. एकेचाळिसावी माझी आय. तिला माहीत होतं, पण तिनं ते नेमकं नको त्या माणसाला सांगितलं.

रीतसर सांगते. मी हर्षला, बी.एस्सी. केमिस्ट्री. आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. बाबा होते तोवर बोटीवर जायचे, आता दादा जातो, आय बोईसरच्या बाजारात मासळी विकते. माझं पदवीचं सर्टिफिकेट फ्रेम करून आमच्या घरात बर्फाच्या पेटीवरच्या भिंतीला लावलंय. त्यामुळे घरी मासळी घ्यायला येणाऱ्याला ते पाहिल्याशिवाय पापलेट मिळत नाही. (काही गिऱ्हाइकं पूर्ण वाचतात आणि विचारतात, "हे मासळीचं लायसन हाय काय?")

नोकरी एमआयडीसीत, रंगाला लागणारी रसायनं बनवणाऱ्या कंपनीत. नऊ वर्षं झाली. प्रत्येक बॅचचं तापमान, दाब, वेळ हे ऑपरेटर कागदावर, म्हणजे लॉगशीटवर, लिहितात आणि ते सगळं मी एक्सेलमध्ये आणते. तापमान चढलं की रकाना आपोआप लाल होतो, ही माझी करामत. हळूहळू स्टोअरची शीट, कँटीनची शीट, एच.आर.ची शीट, सगळ्या माझ्याच हातच्या झाल्या. कुठेही काही अडलं की हाक यायची, "हर्षला मॅडमना बोलवा." मॅडम जायच्या, एक सूत्र टाकायच्या आणि मान ताठ करून परत यायच्या.

मग एक दिवस मुख्य कचेरीतून पाहुणे आले. माझी शीट भिंतीवर मोठी करून दाखवली गेली आणि खाली नाव होतं माझ्या साहेबांचं. परब साहेब तसे वाईट नाहीत. त्यांना ते लक्षातही आलं नसावं. पण मी त्याच संध्याकाळी राजीनामा लिहिला. इंग्रजीत, कोणाला न विचारता, एकही चूक न करता.

साहेबांनी तो दोनदा वाचला.

"लेटर चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. "जाऊन करणार काय?"

"शिकवणार, सर. ऑनलाइन. एक्सेल."

"कोणाला?"

प्रश्न बरोबर होता, म्हणूनच मला तो आवडला नाही.

"नोटीस दोन महिन्यांची," साहेब म्हणाले. "एच.आर.ला मी शेवटी शेवटी पाठवतो. तोवर माझ्या ड्रॉवरमध्ये राहू दे. मन बदललं तर सांग."

"बदलणार नाही, सर."

म्हणजे हिशोब सरळ होता. दोन महिन्यांत एकतर विद्यार्थी मिळवायचे, नाहीतर त्या ड्रॉवरसमोर जाऊन उभं राहायचं. आणि आमच्या घरात पदवी मिळवून कोणी ड्रॉवरसमोर उभं राहिलेलं नाही. (पदवीच दुसऱ्या कोणाची नाही, हे खरं. पण मुद्दा तो नाही.)

इंटरनेटवर शिकवण्यांचा एक मोठा बाजार आहे. आपल्याला जे येतं त्याचे व्हिडिओ करून तिथं मांडायचे. ज्याला हवा तो कोर्स घेतो आणि आवडला तर तारे देतो. पाच तारे म्हणजे उत्तम. मी माझे व्हिडिओ लाल साडी नेसून आमच्या जाळ्यांच्या खोलीत केले. घरात एरवी कोंबडा, मिक्सर, दादाचं इंजिन आणि आय, सगळे एकदम चालू असतात. जाळ्यांच्या ढिगामध्ये बसलं की बाहेरचा एक शब्द आत येत नाही. बाकीचे शिकवणारे म्हणे भिंतींना स्पंज चिकटवतात. माझ्याकडे तीन बोटींची जाळी होती. आवाज अगदी रेडिओसारखा आला. वास कॅमेऱ्यात येत नाही हे नशीब.

कोर्स मांडला आणि मग शोधून पाहिला. 'एक्सेल' असं लिहिलं. पहिलं पान भरून कोर्स, दुसरं पान भरून कोर्स. सोळाव्या पानाला मी चहा घेतला. माझा कोर्स नक्की कितव्या पानावर होता ते मला सांगता येणार नाही, कारण तिथपर्यंत मीसुद्धा पोचले नाही.

तेव्हा मी शहाण्या लोकांचे सल्ले वाचले. सगळ्यांचं म्हणणं एकच, गर्दीत उठून दिसा. आता सगळ्या शिकवणाऱ्यांचे फोटो निळ्या कोटात हाताची घडी घालून होते. म्हणून मी तीच लाल साडी नेसले आणि धक्क्यावर, बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेला टेकून, लॅपटॉप हातात धरून फोटो काढला. तो दादानं पाहिला.

"लॅपटॉप लिलावात काढला काय गो?"

तो काढून टाकला. मग वाचलं की चेहऱ्यावर आश्चर्य हवं. तोंडाचा आ करून, डोळे मोठे करून दुसरा काढला. तो आयनं पाहिला.

"दाढ दुखते काय?"

तोही काढला, लाल साडीचाच परत लावला आणि शेवटी डोकं चालवलं. फोटोत नाही, मालात वेगळं व्हायचं. मला जे येतं ते त्या कोटवाल्यांना येत नाही, कारण त्यांनी कधी रसायनं शिजवायचा रिअ‍ॅक्टर पाहिलेला नाही. मी कोर्सचं नाव बदललं: 'केमिकल कंपनीतल्या शिफ्टवाल्यांसाठी एक्सेल: लॉगशीटपासून बॅच रिपोर्टपर्यंत, मराठीतून'. असा कोर्स अख्ख्या बाजारात दुसरा नव्हता. मी दादाला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"नाव वाचून होईपर्यंत शिफ्ट सुटेल," दादा म्हणाला.

पण मी खूश होते. त्या नावानं शोधलं की माझा कोर्स पहिला यायचा. त्या नावानं शोधणारी बाई जगात एकच होती आणि ती मी होते, हे जरा उशिरा कळलं.

आठवडाभरानं आय दारात बोंबील साफ करत बसली होती. मी मोबाइलवर पुन्हा पुन्हा तेच पाहत होते.

"हरशे, तुझ्या दुकानाची बोहनी झाली काय?"

"दुकान नाय गो आय, कोर्स हाय."

"झाली काय पण?"

"नाय."

"किती दिस झाले मांडून?"

"नऊ."

आयनं हातातला बोंबील खाली ठेवला. "नऊ दिस माल उघडा हाय?"

बाजारातल्या बाईला याहून मोठं संकट माहीत नाही. आमच्या मासळी बाजारात एक पद्धत आहे. नवी बाई पहिल्या दिवशी टोपली घेऊन बसली की आजूबाजूच्या जुन्या बाया एकेक करून उठतात आणि तिच्याकडून थोडी थोडी मासळी घेतात. गरज म्हणून नव्हे, स्वतःच्याच टोपल्या भरलेल्या असतात. टोपलीपुढे माणूस उभा दिसला की दुसरा येतो, दुसरा आला की तिसरा. बाबा गेल्यावर आय पहिल्यांदा बाजारात बसली तेव्हा सात जणींनी तिची बोहनी केली होती. (तीच मासळी त्यांनी तासाभरानं आपल्या टोपलीतून दुसऱ्याला विकली. पण तोवर आयपुढे रांग लागली होती.)

"मंग आमी करतो तुझी बोहनी," आय म्हणाली.

"आय, ऑनलाइनमध्ये असं चालत नाय."

"का? तिकडं माणसं नाय?"

या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा नीट द्यायला हवं होतं. मी नुसतं हसले, शिकलेली माणसं हसतात तसं.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. नव्या शिकवणाऱ्याला तो बाजार एक फुकटची लिंक देतो. ती ज्याला पाठवू त्याला कोर्स मोफत मिळतो. ती लिंक मी दादाला दिली होती आणि बजावलं होतं, "ज्यांना खरंच शिकायचं हाय त्यांनाच दे." दादानं ती कोणालाच दिली नव्हती, कारण त्याच्या ओळखीत तसं कोणी नव्हतं.

त्या रविवारी ऑडिटच्या तयारीसाठी मला कंपनीत बोलावलं होतं. चारच्या सुमाराला शेअर रिक्षातून गावात उतरले आणि मला माझाच आवाज ऐकू आला.

"नमस्कार, मी हर्षला."

मी थांबले. पुन्हा आला. "नमस्कार, मी हर्षला." मग त्यावर आणखी एक, आणि आणखी एक. एकाच वाक्याच्या मागे तेच वाक्य धावत होतं, आरतीला उशिरा आलेल्या माणसांसारखं. आवाज मच्छीमार सोसायटीच्या हॉलमधून येत होता.

आत गेले. जमिनीवर निळी ताडपत्री आणि तिच्यावर ओळीनं मोबाइल मांडलेले, सुकत घातलेल्या बोंबलांसारखे. एकेचाळीस. नंतर मोजले. प्रत्येकात मी, लाल साडीतली. ओळींच्या मधून दादा लुंगी वर खोचून फिरत होता. एखादा मोबाइल विझला की वाकून त्याला टिचकी मारायचा. शिकणारी माणसं बाहेर सावलीत कोलंबी सोलत बसली होती.

"दादा, हे काय?"

"बोहनी," दादा म्हणाला. "थोडा वेळ व्हिडिओ बघितल्याशिवाय तारे देता येत नाय. म्हणून दोन तास लावून ठेवलेत. सगळे शिकले."

"हे कोणाचे मोबाइल?"

"गावाचे."

एवढ्यात आय आत आली. तोंडावर असा आनंद की जणू माझंच लग्न ठरलंय. मागून कमळामावशी. ती बाजारात आयच्या शेजारी बसते आणि जागेवरून दोघींचं वीस वर्षं वाकडं आहे.

"मी पण केली हां बोहनी," कमळामावशी म्हणाली. "पण चार तारे दिले. तुझी आय माझ्या जागेत हातभर सरकते, त्याचा एक कापला."

अभिप्राय दादानं लिहिले होते. लिहिले म्हणजे मोबाइलसमोर बोलला होता, मोबाइलनं लिहून घेतलं होतं. मी घरी जाऊन वाचले. 'एकदम ताजा माल.' 'पोरगी आमच्यातली हाय, फसवणार नाय.' 'कोर्स चांगला हाय.' हा शेवटचा अकरा जणांनी शब्दाला शब्द सारखा दिला होता. आणि एकानं अत्यंत समाधानानं लिहिलं होतं, 'झालं हे, पुढचा फोन दे.'

मी संतापायला हवं होतं. मी संतापलेही, चांगली दहा मिनिटं. मग सहज कोर्स शोधून पाहिला. नाव पूर्ण न लिहिता, नुसतं 'मराठी एक्सेल' असं. पहिल्या पानावर तिसरा. माझी लाल साडी निळ्या कोटांच्या मध्ये चांगलीच उठून दिसत होती. आणि मला वाटलं, चुकलं तर चुकलं, पण कोर्स तर चांगलाच आहे ना? मग तारे खोटे कसे?

पदवी मिळाल्यानं माणूस असा विचार करायला शिकतो.

सोमवारी मी परब साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, लेटर पाठवा एच.आर.ला."

"अजून वेळ आहे, हर्षला."

"पाठवाच, सर. विद्यार्थी आले."

"किती?"

"एकेचाळीस." मी एका श्वासात म्हटलं.

साहेबांनी ड्रॉवर उघडला आणि माझ्यासमोरच लेटरवर सही केली. अभिनंदनही केलं. मी ते अभिनंदन घेतलं.

बुधवारी त्या ऑनलाइन बाजाराची ईमेल आली. इंग्रजीत होती, मी तीनदा वाचली, भाषेत खोट सापडली नाही. म्हणणं असं, की आमच्या यंत्रणेला तुमचा कोर्स इतर सर्व कोर्सपेक्षा वेगळा आढळून आला आहे. (महिनाभर मी यासाठीच झटत होते.) सर्व विद्यार्थी एकाच गावातले, एकाच इंटरनेटवरून, एकाच दोन तासांत आलेले, निम्म्याहून जास्त जणांचं आडनाव तुमचंच. म्हणून कोर्स बंद ठेवण्यात येत आहे. काही म्हणणं असल्यास कळवावं.

घरी आयला सांगितलं.

"आडनाव एक असलं तर काय वाईट?" तिनं विचारलं. "गावच एक हाय."

"त्यांना वाटतं आपण खोटं केलं."

"मंग उद्या कोळगावला जा. कलेक्टर कचेरीत साहेबाला भेट. रेशनकार्डाची झेरॉक्स ने, सगळ्यांची. माणसं खरी हायेत ते दिसेल."

"आय, त्या लोकांचं कोळगावला काही नाय."

"जिल्ह्याचं सगळं कोळगावला गेलं," आय म्हणाली. "यांचंच कसं नाय?"

मी दोन पानी अर्ज लिहिला. लिहिलं, की विद्यार्थी खरे आहेत, शिकण्याची इच्छा बाळगून आहेत, आणि आमच्या भागात समूहानं शिकण्याची परंपरा आहे. ही परंपरा मी तो अर्ज लिहिताना सुरू केली. उत्तर आलं, की येत्या आठ दिवसांत आमचा माणूस एखाद्या विद्यार्थ्याला फोन करून कोर्सबद्दल विचारेल, मग निर्णय देऊ.

एखाद्या म्हणजे कोणत्याही. आठ दिवसांत एकेचाळीस माणसांना एक्सेल आलं पाहिजे होतं.

सोसायटीच्या हॉलमध्ये वर्ग सुरू झाला. मी कंपनीतून लवकर सुटायचे, बाया बाजारातून यायच्या, दमलेल्या, पायांना बर्फाचं पाणी लागलेल्या. ज्यांची बोट समुद्रात होती ते आठ जण तर आलेच नाहीत. मी भिंतीवर पहिला व्हिडिओ लावला. लाल साडीतली मी बोलू लागले. पाच मिनिटं झाली. दहा झाली.

"गो हरशे," कमळामावशीनं हात वर केला, "एक्सेल कवा येते?"

"येईल, मावशी. ही ओळख हाय."

"कोणाची?"

"माझी."

"तुला आमी जन्माच्या आधीपासून ओळखतो," मावशी म्हणाली. "तुझ्या बारशाच्या घुगऱ्या मीच शिजवल्या."

मी तो व्हिडिओ पहिल्यांदाच दुसऱ्यांबरोबर बसून बघत होते. अठरा मिनिटांचा. त्यातली अकरा मिनिटं मी माझी पदवी कशी मिळवली ते सांगत होते. पालघरच्या कॉलेजला जायला पहाटे कशी उठायची, घरात कोणी शिकलेलं नसताना अर्ज कसे भरले, वर्गात पहिल्या बाकावर कशी बसायची. बाराव्या मिनिटाला मी एक्सेल उघडलं होतं आणि तेराव्याला बंद केलं होतं.

पुढचे व्हिडिओ बरे असतील असं मला वाटत होतं.

"हे पटकन पटकन काय दाबलंस?"

"रेंज सिलेक्ट केली, मावशी."

"आमाला दाखवून दाब की. भांडतेस काय त्या कम्प्युटरशी?"

"आणि हे रिअ‍ॅक्टर रिअ‍ॅक्टर काय हाय? इथं पापलेट घाल. मंग समजेल," मागून दुसरी म्हणाली.

मी पापलेट घातलं. रिअ‍ॅक्टर एकच्या जागी पापलेट, दोनच्या जागी सुरमई, तीनच्या जागी कोलंबी. तापमानाच्या रकान्यात बर्फ. बर्फ कमी झाला की रकाना लाल. त्या दिवशी पहिल्यांदा कोणी पुढे सरकून बघितलं. तिसऱ्या दिवशी कमळामावशीनं स्वतःच्या बोटानं एक रकाना लाल केला आणि मग वर्ग सुटेपर्यंत सगळ्यांचे रकाने लाल करत फिरली.

आय मात्र कोपऱ्यात बसून राहायची. तिला काही येईना आणि ती तसं सांगायची, "मला नाय जमत, बाय. तू चांगली शिकव, मी बसते." मी तिच्याकडे जास्त लक्ष दिलं नाही. एकेचाळीसमध्ये फोन नेमका हिलाच कशाला येईल?

शनिवारी कंपनी अर्धा दिवस होती. आयबरोबर घरी जावं म्हणून मी थेट बाजारात गेले. आय सुरमई कापत होती, पुढे दोन गिऱ्हाइकं. तिचा फोन वाजला. हात मासळीत असल्यानं तिनं कोपरानं स्पीकर लावला.

"नमस्ते माताजी. आपने एक्सेल का कोर्स किया है?"

आयनं माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हातांनी, मानेनं, भुवयांनी 'हो' म्हणाले.

"हां, किया ना," आय म्हणाली.

"क्या सीखा उसमें?"

कोयता सुरमईत अर्धा होता. कमळामावशी शेजारून हळूच म्हणाली, "लाल रकाना. लाल रकाना सांग." गिऱ्हाईकसुद्धा आयकडे बघू लागलं.

"देखो भाऊ," आय म्हणाली, "मेरे हात में धंदे का माल है, झूट नहीं बोलेगी. मेरे को कुछ नहीं आया. बेटी का कोर्स है. पहला पहला बहुत अपनाच बोलती है."

"तो फिर पाँच स्टार कैसे दिया, माताजी?"

"वो तो बोहनी किया. नया दुकान है ना. नौ दिन माल खुला पडा था, एक माणूस नहीं आया. तुमारे उदर बोहनी नहीं करता क्या?"

मग तो माणूस म्हणाला, "करते हैं. मेरे पिताजी की किराने की दुकान है." आवाज एकदम वेगळा झाला होता. "पर माताजी, यहाँ रूल है. जो सीखा नहीं, वो स्टार नहीं दे सकता."

"रूल तो बराबर है," आय म्हणाली. "तो निकाल दो. पण कोर्स मत बंद करो. बेटी ने नौकरी छोड़ दिया है."

हे मी आयला सांगितलं नव्हतं.

फोन ठेवून तिनं सुरमई पुरती कापली, गिऱ्हाइकाला दिली, हात धुतले. रिक्षात बसल्यावर मी विचारलं.

"तुला कोणी सांगितलं?"

"परब साहेबाच्या बायकोनं. गुरुवारी कोलंबी न्यायला आली होती."

"एकदा 'आलं' बोलली असती तर काय बिघडलं असतं, आय?"

"त्यानं पुढचं विचारलं असतं," आय म्हणाली. "मंग? मला येतं काय? बोहनी केली ते खरं हाय. शिकली ते खोटं. खोट्यावर धंदा चार दिस चालतो."

मी बाहेर बघत बसले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, कंपन्यांच्या भिंती होत्या.

मंगळवारी निर्णय आला. एकेचाळीसच्या एकेचाळीस अभिप्राय काढून टाकले, कमळामावशीचे चार तारेसुद्धा. (ती अजून म्हणते, "माझे तरी ठेवायचे होते. मी खरंच शिकले.") मला एक ताकीद मिळाली. आणि कोर्स पुन्हा उघडला, जिथं होता तिथं, म्हणजे कुठेच नाही.

पण मी पहिला व्हिडिओ पुन्हा केला. सात मिनिटांचा. त्यात मी कोण हे सांगायला एक वाक्य ठेवलं. खरं तर तेही काढलं होतं, मग राहवेना म्हणून परत घातलं. दाबायच्या जागा सावकाश दाखवल्या. फोटो काढून टाकला आणि तिथं नुसती एक लॉगशीट ठेवली, एक रकाना लाल असलेली. पुढच्या दहा दिवसांत कोर्सला तीन माणसं आली. एकाचंही आडनाव माझं नव्हतं. त्यातला एक कुठल्यातरी साखर कारखान्यात होता. त्यानं विचारलं, "मॅडम, तापमानाच्या जागी उसाचं वजन घातलं तर चालेल का?" मी त्याला दोन पानी उत्तर लिहिलं. तीन आले म्हणून मी तीन वेळा चहा केला.

तीन माणसांवर नोकरी सोडता येत नाही. एवढं गणित मला एक्सेलशिवाय येतं. नोटीस संपायला चार दिवस होते. मी परब साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि उभी राहिले.

"सर, ते लेटर."

साहेबांनी मला बसायला सांगितलं. टोमणा मारला नाही, तेच जास्त लागलं.

"लेटर एच.आर.ला गेलं, हर्षला. तूच म्हणालीस पाठवाच. पण मी बोललोय त्यांच्याशी. जागा भरलेली नाही. तू परत घेतेस असं लिहून दे, त्यांच्या नोंदीत बदल झाला की संपलं."

मी दुसरं लेटर लिहिलं. इंग्रजीत. यावेळी दोन ठिकाणी खोडावं लागलं.

एच.आर.मध्ये श्रुती नावाची मुलगी आहे, नुकतीच लागलेली, पदवी ताजी. तिनं लेटर वाचलं आणि कर्मचाऱ्यांच्या नोंदीची शीट उघडली. माझ्या नावापुढच्या रकान्यात 'राजीनामा' होतं. तिनं तो रकाना निवडला आणि बाण दाबून यादी उघडली. भरती, बदली, बढती, राजीनामा, निवृत्ती, मृत्यू. तिनं वर खाली पाहिलं. हातानं लिहून पाहिलं. शीटनं ते घेतलं नाही, रकाना लाल झाला.

"मॅडम, राजीनामा परत घेतला असं यात नाहीच आहे," ती म्हणाली. "आणि यादीबाहेरचं हे घेतही नाही. मृत्यूसुद्धा टाकलाय, पण एवढं साधं सुचलं नाही. कोणी बनवलीय हो ही शीट?"

"असेल कोणीतरी शिकलेली," मी म्हटलं, आणि तिची खुर्ची ओढून तो पर्याय टाकायला बसले.